उतारावरचा शब्द

बुधवारी संध्याकाळी औलूच्या चर्चच्या तळघरात
बायबलचं वाचन असतं.
नऊ माणसं, सहा भाषा, कॉफीची एक किटली.

लेतेब्रहान फिनिश वाचायला लागली
की तावेत्ती टेबलावर पेन्सिल ठोकतो :
"हा स्वर लांब. अजून लांब."
ती निमूट लांबवते.
अस्माराहून इथवर
याहून लांब काय काय ओढून आणलंय तिने.

आज पाळी त्याची. शास्ते, अध्याय बारावा.
यार्देनेच्या उतारावर पहारा,
पलीकडे जाणाऱ्याने एक शब्द म्हणून दाखवायचा.
ज्याच्या जिभेला श सापडला, तो पार.
ज्याचा स झाला, तो तिथेच कापला.
बेचाळीस हजार.
आणि मारणारे, मरणारे
एकाच याकोबाची नातवंडं.

"सिब्बोलेथ," तावेत्ती वाचतो.
थांबतो. चष्मा पुसतो. पुन्हा वाचतो.
पुन्हा स.
ऐंशी वर्षांच्या त्या जिभेवर
श कधी उगवलाच नव्हता.

मापेंडो हसू दाबायला कप तोंडाशी नेते. रिकामाच.
पेन्सिल घरंगळत जाऊन
नोटांबुकच्या... नाही, कुणाच्या तरी बुटाशी थांबते.

"म्हणजे मी मेलो," तो म्हणतो,
"अगदी पहिल्या रांगेत."

कोणी बोलत नाही.
मग कोणीतरी विचारतं, त्या शब्दाचा अर्थ काय?
"कणीस," लेतेब्रहान सांगते. "धान्याचं."
तिच्या भाषेत श आहे, हवा तेवढा.

काळ्या पावाचा कडेचा तुकडा कापून
ती त्याच्यापुढे सरकवते,
आणि म्हणते, "सिब्बोलेथ."