पेवांची वही

आठवडाभर एकच चूक.
माझं हौशी कर्नल उठतं,
दोन ओळी छापतं, दुसरी अर्धीच,
आणि अवाक्षर न काढता पुन्हा पहिल्यापासून उठतं.
वखारभागातलं दुकान आठला बंद करून
मी हरिपूरला येते,
आमटी गरम होईतो बत्तीस मेगाबाइटची जमीन आखत बसते:
चार हजार शहाण्णव बाइटांचं एकेक पान,
पानं आठ हजार एकशे ब्याण्णव.
मागेल त्याला द्यायचं. परत आलं की घ्यायचं.
एवढंच काम.

पण कुठलं पान कुणाला दिलं हे लिहायला वही हवी,
वही ठेवायला जागा हवी,
आणि जागा वाटणारी तर मीच,
अजून वहीशिवाय.

बाबगोंडा मगदूम विरजण मागायला आले,
पडद्यावरचे चौकोन बघून थबकले.
‘पेवं व्हय गं, वैजे?’

अडतीत तीस वर्षं दिवाणजी होते.
हळदीच्या पेवांचा हिशेब त्यांच्याकडं:
माणूस उतरेल एवढं तोंड, खाली हत्तीएवढं पोट,
वर माती, मातीवर माणसांची ये-जा.
‘उघडलं की लगीच उतरायचं न्हाई.
आतलं वारं जाऊ द्यायचं, कंदील सोडायचा.
इझला, तर आदल्याचं काय तरी आत हाय.’
मी तेवढ्यात एक ओळ लिहून टाकली:
देण्याआधी पान शून्यांनी पुसणे.

‘आणि एकच पेव दोघांना दिलं तर?’

विरजणाची वाटी त्यांनी खाली ठेवली.
‘दिलंय की. एकदा.
एक मिरजेचा, एक इचलकरंजीचा.
राजापुरीत कडप्पा मिसळली.
दोघं पावत्या घेऊन दारात.’
‘मग?’
‘मग काय. दोघंबी खरंच बोलत हुते.’

वहीची अडचण सांगितली तर हसले.
‘भरल्याल्याची वही कशाला? ज्याचं त्याला ठावं.
रिकाम्याचं बघ.
रिकामं पेव बसूनच असतंय,
त्यातच चिठ्ठी टाक, फुडलं रिकामं कुठलं त्याची.
तू फकस्त पयलं ध्यानात ठेव.’

रात्री दीड.
सगळ्या खुणांचा तक्ता खोडला.
प्रत्येक रिकाम्या पानाच्या पहिल्या आठ बाइटांत
पुढच्या रिकाम्याचा पत्ता.
दिलं, की चिठ्ठी काढून घ्यायची,
आलं, की नवी टाकायची.
मग मुद्दाम मागण्यांचं पेव फोडलं,
हजार माग, सातशे सोड, पुन्हा हजार.
कर्नल उभं राहिलं.
दुसरी ओळ पूर्ण छापली.
तिसरीसुद्धा.

फक्त शेवटी मोजलं तर
आठ हजार एकशे एक्क्याण्णव.

सकाळी वाटी परत द्यायला आले.
‘जुळलं?’
‘एक कमी. कुणाकडं गेलं, कळत नाही.’
त्यांनी शाळेकडं जाणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्याकडं
हनुवटीनं दाखवलं.
‘त्येच्या खाली एक हाय.
पुरात पावती गेली, नंबर गेला, मालकबी गेला.
हळद हाय का गाळ, कोण बघतंय.’
रस्त्यावरून एक टेम्पो गेला.
‘आमचं तरी कुठं कधी जुळलं हुतं,’ म्हणाले,
‘दही मातर झ्याक लागलं बरं का.’