आकडा

आमची विंगर आधी शाळेची होती.
पांढरा रंग मारला, तरी मागच्या दारावर
ऊन तिरपं पडलं की उमटतात पिवळी अक्षरं :
सावकाश, आत मुलं आहेत.
आम्ही ती खरवडली नाहीत.
मुलं नाहीत, पण सावकाश आहोत.

पुढे नीलकंठ, मागे मी, मधे गादी.
गादीखाली तांब्याच्या तारेची भेंडोळी, करवंटीचे काप,
खाडीकाठी वेचलेली, पाण्याने बोथट केलेली बाटलीकाच,
आणि तिजोरी म्हणून पोह्यांचा डबा.
मागच्या आठवड्यात ठाण्याला उपवनच्या तळ्याकाठी,
त्याआधी अलिबाग, त्याआधी नाशिक, तिथे काहीच खपलं नाही.
आज बेलापूर.
मैदानावर फक्कीने आखलेले चौकोन.
आमचा एक्केचाळीस.

मंडप नाही, छत्री आहे.
खाडीकडून वारा सुटला की कानातली आपापसात बोलतात
आणि किमतीची चिठ्ठी उडून
शेजारच्या कुमुदताईंच्या लोणच्यावर बसते.
काल एकाने दोनशे वीसला
लिंबाची बरणी मुकाट्याने नेली.

गिऱ्हाईक म्हणजे आधी बोटं.
उचलतात, उलटून बघतात,
कानाशी धरून फोनमध्ये स्वतःला बघतात,
'हे तर मी घरीसुद्धा करेन' म्हणत परत ठेवतात,
उचललं तिथे मात्र नाही.
दिवसभर मी तेवढंच करते :
जागच्या जागी ठेवते.

चारच्या सुमाराला ती आली, नातीचं बोट धरून.
लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंबाड्यात अबोली,
कानाच्या पाळ्या ओघळलेल्या
आणि भोकं, अंगठा जाईल एवढी, रिकामी.
एक्केचाळीसवर टाच रोवून म्हणाली,
'हितं आमचं मिठागर व्हतं, बाय.'
मी खुर्ची पुढे केली, चुकीच्या घाईने.
बसली नाही.

नातीसाठी एक माळ उचलली, एकदाच हिसडली.
आकडा निघाला.

नीलकंठचा आकडा!
रबाळ्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं,
कंपनीला कुलूप लागलं त्या दिवशीही
व्हर्नियर खिशात घेऊन घरी आलेला माणूस.
'यो सुटनार,' ती म्हणाली. 'पोरीच्या गल्यातून पडंल रस्त्यान.'
पक्कड पुढे केली, घेतली नाही.
नखांनीच तार वळवली, बाहेर नाही, आत,
आणि टोक तिच्याच पोटातून ओवून काढलं.
'जाल्याची गाठ अशीच मारतान.'

नीलकंठने चष्मा लावला.
म्हणाला, 'परत दाखवा.'
हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून
लग्नानंतर ऐकलेले नव्हते.

मी तिच्या तळहातावर कुड्यांचा एक जोड ठेवला, हिरवा.
उजेडात धरून म्हणाली, 'काच हाय.'
हो, म्हटलं.
'खाडीतली?'
हो.
हसली तेव्हा दात मोजके होते.
'आमचीच खाडी आमालाच देतंस?'
आणि जोड खाली ठेवला,
उचलला होता नेमका तिथे.

नात तेवढी वळून वळून बघत गेली.

रात्री मैदानावरचे दिवे गेले, चौकोन पुसट झाले.
वॉचमनने दारावर काठी वाजवली, अक्षरं वाचली,
'मुलं कुठायत?'
झोपलीत, मी म्हटलं.
का म्हटलं, माहीत नाही.

नीलकंठ टॉर्च दातात धरून बसलेला,
मांडीवर सगळ्या माळा,
एकेक आकडा उलगडत, आत वळवत, ओवत.
बोटाला तार लागली, चोखली, पुन्हा तेच.
मी पोह्यांच्या डब्यातल्या नोटा दोनदा मोजल्या,
दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या.

एकच्या सुमाराला विचारलं, 'आकडा किती झाला रे?'
'एकोणीस,' तो म्हणाला.
मी पैशांचं विचारत होते.