साइडकार

आमच्या क्लबचं नाव इख्वेझी. म्हणजे पहाटेचा तारा.
निघालो साडेदहाला.
आधी लिंडिलेचे हातमोजे सापडेनात,
सापडले तेव्हा दोन्ही डाव्या हाताचे.
मग पेट्रोलच्या वर्गणीचा हिशेब, तो माझ्याकडे :
तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्याची शिक्षा.

अकरा गाड्या, चौदा माणसं,
सगळ्यात धाकटा सत्तेचाळीसचा.
एमडांत्साने मागे पडलं, क्वोन्से मागे पडलं,
जुलैची थंडी जाकिटाच्या चेनमधून
सुईसारखी नेमकी आत शिरत होती.
रस्त्यात गाई. गाईंना घाई नव्हती.
दोन्ही अंगांना कोरफडीची लाल फुलं
आणि घाटाखाली एकदम कारू, उघडंबोडकं,
कुणी ताट पुसून ठेवावं तसं.

वुयिसिलेच्या गाडीला साइडकार,
साइडकारमध्ये पुमेझा,
मांडीवर घोंगडी, घोंगडीवर डबा,
डब्यात पहाटे तळलेली अमाग्विन्या, आत खिमा.
लग्नाला बत्तीस वर्षं झाली. ती जागा तिची.
तिथे दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं,
कुत्रासुद्धा.

अडीच वाजता रस्त्याच्या कडेला एक व्हॅन,
बॉनेट उघडं, वाफ,
आणि शेजारी दगडावर एक काडीपैलवान मुलगा,
ज्याच्या खांद्याला त्याच्याहून उंच काहीतरी टेकलेलं.
फेझिले नाव. 'सहाला माझं वाजवणं आहे,' म्हणाला.
ज्या शहरात आम्ही निघालो होतो, त्याच शहरात,
तिकिटं काढून ज्याला ऐकणार होतो, तोच.

माणसाचं काय, माणूस कुठेही मावतो.
लिंडिलेनं त्याला मागे घेतलं.
पण डबल बास?
तेरा जण आकाशाकडे बघू लागले.
साइडकारकडे कुणीच बघेना.

पुमेझा उतरली. 'आधी डबा धरा,' एवढंच म्हणाली.
घोंगडी अंथरली, बास निजवला,
वर निघालेल्या मानेला
आपला लोकरी स्कार्फ गुंडाळला, दोन गाठी मारून,
ताप आलेल्या पोराला बांधतात तसा.
वुयिसिले म्हणाला, 'तुझ्याहून हलका आहे.'
कुणीही हसलं नाही. तोही नाही.

माझ्या मागच्या सीटवर तंबू असतो.
तो सोडला. तिथे ती बसली.
पुढचे नव्वद किलोमीटर ती माझ्या कानात बोलत होती,
अर्धं वाऱ्यानं नेलं.
जे उरलं ते असं :
खालून फक्त चाक दिसतं. आणि त्याचा बूट.
रस्ता वरून असा दिसतो होय.
वळणावर गाडी झुकते तेव्हा आपणही झुकायचं का?
झुक, म्हणाले मी.
झुकली. जरा जास्तच.

कार्यक्रम लोकरीच्या जुन्या गोदामात.
अजून मेंढ्यांचा वास, शेकायला तीन पिंप.
बास लवकर सुरात येईना,
लाकूड थंडीनं आखडलं होतं, आमच्या गुडघ्यांसारखं.
पहिली दोन गाणी फेझिले खुंट्या पिळत, कान लावत.
तिसऱ्यात ड्रमवाला हात आवरून बसला,
पियानो थांबला,
आणि तो एकटाच राहिला, त्या मोठ्या लाकडी पोटाला बिलगून.
सूर कानाला नाही, बाकाला लागत होते.
बाकातून आम्हाला.
वुयिसिले शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता,
'माझ्या गाडीतून आलाय.'
पुमेझानं डोळे मिटलेले. डावा पाय मात्र
काहीतरी दाबत होता, सोडत होता.
ताल नव्हता तो. मी नीट पाहिलं.

स्कार्फ फेझिलेच्या गळ्यातच राहिला.
तिनं मागितला नाही.

रविवारी सकाळी सीटवर बर्फाचा पापुद्रा.
वुयिसिलेनं साइडकार पुसली,
घोंगडी झटकली, चौघडी केली,
आणि नेहमीसारखा दार धरून उभा राहिला.
पुमेझा माझ्या गाडीजवळ वाकली होती,
रिकामा डबा काखेत.
'गिअर पायानं,' ती म्हणाली,
'मग क्लच कुठल्या हाताला?'