कुठी भाजू रायले वांगे?

आधी वास यायचा.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगं करपल्याचा,
तोही भर वैशाखात,
जेव्हा अख्ख्या सावद्यात कुणी भरीत करत नाही.

शेडमध्ये केळीच्या फण्या धुताना
मी शमीम आपाला विचारायची,
कुठी भाजू रायले वांगे?
ती म्हणायची, कुठीच नाही.
एवढंच ऐकलेलं आठवतं.

पुढचं सगळं दुसऱ्यांचं आहे.
ओठ चघळत होतीस म्हणे, ओढणीचं टोक चाचपत,
बघत होतीस, पण आमच्याकडे नाही.
आणि दोनदा तर हौदापाशी पडलीस,
हातपाय झाडत, तोंडाला फेस.
कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल,
मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला,
त्याचे वळ मी दुसऱ्या दिवशी मोजले.
फैजपूरचं स्थळ पुन्हा आलंच नाही.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी
मला नाही, आधी आपाला विचारलं.
मान कुठे वळते? किती वेळ?
उजवीकडे, आपा म्हणाली. दीड मिनिट. घड्याळ बघितलं मी.
माझ्याबद्दल इतकं मलाही माहीत नव्हतं.
मग माझ्याकडे वळून:
आणि त्याच्या आधी?

आधीचं कुणी विचारलंच नव्हतं.
मी वास सांगितला, लाजत.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतला.

डोक्याला तारा चिकटवल्या.
पडद्यावर रेघा, तासासारख्या सरळ,
आणि एका जागी बैल बुजावा तशा.
इथून उठतो तुमचा वास,
डाव्या कानाच्या जरा वर बोट ठेवून त्या म्हणाल्या.
लहानपणच्या तापाचा बारका व्रण.
बाहेरचं काही नाही.

गोळी सकाळी आठला, रात्री आठला.
बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही.
(पौषात सोडली होती. हौदाची कड
अजून कपाळावर आहे.)
झटका आला तर कुशीवर वळवा,
तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा,
पाच मिनिटांवर गेला तर गाडी बोलवा.
आपाने हे शेडच्या पत्र्यावर खडूने लिहिलं,
घडांच्या वजनाखाली.

यंदा मार्गशीर्षात
फण्या धुता धुता वास आला.
हात पाण्यातच थांबले.
मी हौदापासून लांब सरकले, खाली बसून घेतलं,
आणि विचारलं,
आपा, कुठी भाजू रायले वांगे?

तठी, ती म्हणाली.
मळ्याकडे हात केला.

धूर मलाही दिसत होता.