गॅप सर्टिफिकेट

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला लागून
देवरे वकिलांचं टेबल, टेबलावर छत्री,
छत्रीवर कुठल्याशा सिमेंटचं नाव.
मजकूर आधीच टाईप केलेला असतो,
फक्त माणसाची जागा रिकामी.
मी सांगते: हर्षला बाळू खैरनार,
वय तीस, राहणार अशोकनगर, सातपूर.
ते भरतात.

"बीएस्सीनंतर किती वर्षं?"
आठ.
पुढचं ते विचारत नाहीत, वाचून दाखवतात:
सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही,
कोठेही नोकरी केलेली नाही,
मी घरीच होते.

घरीच.
त्र्यंबक रोडवरच्या बत्तीस खाटांच्या दवाखान्यात,
रात्री आठ ते सकाळी आठ,
पगार पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीनं आकडा.
सिस्टर नव्हते, मावशी नव्हते, डॉक्टर तर नाहीच.
पेशंट म्हणायचे, "ओ ताई, जरा."

मुमताज सिस्टरनं शिकवलं,
नस डोळ्यांनी शोधू नकोस, बोटाला विचार.
तांबट आळीतल्या एका म्हाताऱ्याच्या हातावर
तीन जण हरले होते.
मी दोन मिनिटं नुसता हात धरून बसले.
तो म्हणाला, "पोरी, ठोका ऐकतेस काय?"
हो, म्हटलं. आणि लागली.

पहाटे तीनला पगार डॉक्टर विचारायचे,
"तुला काय वाटतं?"
सकाळच्या राऊंडला, नातेवाइकांसमोर,
मी त्यांना दिसायचे नाही.
शिफारसपत्र मात्र दिलं त्यांनी, लगेच दिलं.
मेहनती व आज्ञाधारक, असं लिहिलंय.

आणि तो प्रेस शॉपमधला मुलगा,
दोन बोटं कुल्फीवाल्याच्या बर्फात घालून आलेला,
बोटं वेगळी, मुलगा वेगळा.
मी आधी बोटं बर्फातून बाहेर काढली.
ओल्या गॉजमध्ये गुंडाळली, पिशवीत बांधली,
मग ती पिशवी बर्फावर.
बोटं थेट बर्फात ठेवायची नसतात
हे मला माहीत होतं,
आणि मला माहीत आहे
हे कुणालाच माहीत नव्हतं.

घरी सांगितलं, फिजिशियन असिस्टंट.
दोन वर्षं, पदव्युत्तर.
भाऊ म्हणाला, "म्हणजे कंपाउंडर?"
आई म्हणाली, "पण मग डॉक्टर कधी होणार?"
अण्णांनी काही विचारलं नाही.
कंपनीच्या गेटवर सत्तावीस वर्षं उभे होते ते,
आतल्यांना आत सोडत.
फीचा कागद घेतला, चष्मा लावून
शेवटचा आकडा दोनदा वाचला,
आणि पेपराखाली ठेवून दिला.

"वकीलसाहेब, घरी नव्हते मी.
ते वाक्य खोडता येईल?"
देवरे पहिल्यांदा वर पाहतात.
"येईल की. मग नोकरीचा दाखला लागेल.
आहे?"
पाकिटं आहेत. शहाण्णव.
एकावरही दवाखान्याचं नाव नाही.
छत्रीची सावली टेबलावरून सरकून
माझ्या मनगटावर आली होती.
"मॅडम, घरी होते म्हटल्यावर
कुणी काही विचारत नाही," ते म्हणाले,
वाईट मनानं नव्हे.

मी सही केली.
हात हलला नाही.

संध्याकाळी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत
फॉर्मच्या शेवटच्या चौकटीत विचारलं होतं:
आपणांस हा अभ्यासक्रम का करावयाचा आहे?
अडीचशे शब्दांत.
ड्युटीला पाऊण तास होता.
काउंटरवरच्या पोराला सांगितलं, टाईप कर:
बोटं थेट बर्फात ठेवायची नसतात.

त्यानं केलं. थोडा वेळ पाहत राहिला.
"ताई, एवढंच?
अजून दोनशे पंचेचाळीस शब्द बसतात."

थांब, म्हटलं,
तू आधी फोटो पन्नास केबीचा कर.