तिसाव्या खेपेला

रात्री दोन दहाला लाईट गेली.
आली तेव्हा सावद्याच्या केळी संघाचा सर्व्हर
नेहमीसारखा पटकन उठला नाही.
पडद्यावर एकच ओळ:
डिस्क तपासणी सुरू, चार टक्के.

बाहेर काट्यावर नऊ ट्रक.
पावत्या माझ्याकडे, म्हणजे त्याच्या पोटात.
साक्रीकडचा एक ड्रायव्हर खिडकीत वाकला,
"आखो कितला येळ, ताई?"
सात टक्के, म्हटलं.
हसला. माल दिल्लीचा होता,
आणि केळी कोणासाठी पिकायची थांबत नाहीत.

माझ्या आधी इथे वासुदेव फेगडे होते.
त्यांनी तपासणीचा आकडा शून्य केला होता.
कितीदाही पडो, कितीदाही उठो,
विचारायचं नाही.
त्याच फाईलमध्ये, वरच्या ओळीत, त्यांची टीप:
ट्रकवाले ओरडतात. नंतर बघू.
नंतर म्हणजे चार वर्षं.
काही बिघडलेलं दिसलं नाही.
दिसणार कसं,
बघणंच बंद होतं.

मी आले आणि आकडा तीस केला.
आजची तिसावी खेप.
मे महिना, ऐन कटाई, मध्यरात्र.
मुहूर्त माझाच.

एकसष्टवर तो अडला.
एक कळ दाबली की तपासणी सुटते,
मी बोट ठेवूनही पाहिलं.
मागे कोणीतरी हॉर्नवर हात टेकून झोपल्यासारखा.
दाबली नाही.
धीर वगैरे नाही,
फेगड्यांची ती ओळ तेवढी आठवली.

साडेतीनला तो उठला.
हरवले-सापडलेच्या खणात अकरा तुकडे,
नाव गेलेले, नुसते नंबर.
एक उघडला:
मृगबाग, चौदा क्विंटल वीस किलो,
पुढे अर्धंच नाव,
‘…बाई तुळशीराम’.
दोन वर्षांपूर्वीचं वजन.
पैसे दिल्याची नोंद कुठेच नाही.

पहाटेपर्यंत नऊच्या नऊ पावत्या निघाल्या.
साक्रीवाल्याच्या पावतीला चिकाचं बोट लागलं.
"काय सापडनं?" त्याने विचारलं.
एक बाई, म्हटलं.

आकडा तीसच राहू दिला.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र रेघा ओढते आता.
सव्वीस-सत्तावीस झाल्या की
रविवारी दुपारी, काटा बंद असताना,
मीच त्याला तपासायला बसवेन.

सभासदांच्या यादीत तुळशीराम तीन.
चिनावल, खिरोदा, वाघोदा.
चिनावलचा फोन लागत नाही.
खिरोद्याला रिंग जातेय.