उत्तर

बेथेलच्या धावपट्टीशेजारी, मालाच्या काट्यामागे
नस्तासिया पुस्तक उघडते.
बाहेर उणे एकतीस. पुस्तकात मात्र
कुठल्याशा वाळवंटातली दुपार,
हवा तापून विरळ, विमान उचलता उचलेना.
ती हसते, तरी गणित सोडवते.

वजन आणि तोल तिला तोंडपाठ,
दिवसभर तेच तर करते.
म्हाताऱ्या ओलिंकाला काट्यावर उभं करायचं,
आकडा मनातच वाचायचा.
सुक्या सॅमनची पोती मागे, डायपरचे खोके पुढे.
पुस्तकातला प्रत्येक प्रवासी
एकशे सत्तर पौंडांचा.
कुठे राहतात ही माणसं?

खरी उत्तर वेगळी, होकायंत्राची वेगळी.
उत्तरेलासुद्धा एक उत्तर नाही!
पूर्वेला वजा, पश्चिमेला अधिक...
चुकते, खोडते, चहा गार होतो.

मग प्रश्न एकशे बारावा:
तापमान आणि दवबिंदूत एकच अंश उरला.
आकाश निरभ्र, वारा पडलेला. काय अपेक्षित?
अ, ब, क.

इव्हॉनमामा निघाला त्या सकाळी
नदी दिसत होती, पार वळणापर्यंत.

ती पर्याय वाचत नाही.
समासात लिहिते, धुकं,
पेन्सिल इतकी दाबून
की पुढच्या तीन पानांवर उमटतं.